मालिका चालू राहिली, पिंड कुठे गेला? 'रूबी'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि रबाळ्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत काम करते. बरीच वर्षं झाली, शनिवारी संध्याकाळी पाचपाखाडीच्या आमच्या घरी सात-आठ जण जमतात. कॉलेजची मुलं असतात, माझे दोन सहकारी, शेजारचे काका आणि कोपरखैरण्याहून येणारा माझा भाचा. आम्ही 'रूबी' ही ॲनिमेशन मालिका पहिल्या भागापासून बघतो. एक फेरी संपते, कुणी नवं येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दर फेरीला चौथ्या पर्वाच्या आसपास तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा नीट उत्तरं लिहून काढली.

ही मालिका कुठली? नावाचा उच्चार काय?

आर, डब्ल्यू, बी, वाय अशी चार अक्षरं लिहितात आणि उच्चार 'रूबी' करतात. रूबी, वाइस, ब्लेक आणि यांग या चार मुलींची ती आद्याक्षरं. लाल, पांढरा, काळा, पिवळा हे त्यांचे रंग. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या 'रूस्टर टीथ' या कंपनीने ती काढली. पहिली झलक नोव्हेंबर २०१२ मध्ये आली, पहिला भाग १८ जुलै २०१३ रोजी, आणि नववं पर्व एप्रिल २०२३ मध्ये संपलं. राक्षसी श्वापदांशी लढायला शिकणाऱ्या मुलामुलींची ही गोष्ट आहे. या जगातल्या माणसांची नावं कुठल्या ना कुठल्या रंगाची आठवण करून देतात, हा निर्मात्याने स्वतःलाच घालून घेतलेला नियम.

हे वाचून कथा फुटेल का?

थोडी फुटेल. तिसऱ्या आणि चौथ्या पर्वातल्या काही गोष्टी खाली आल्या आहेत. अजिबात काही कळू नये असं वाटत असेल तर आधी तिसरं पर्व संपवा.

मॉन्टी ऊम कोण होता?

मालिकेचा निर्माता. शाळा अर्धवट सोडलेला आणि ॲनिमेशन स्वतःचं स्वतः शिकलेला मुलगा. दोन व्हिडिओ गेममधली पात्रं एकमेकांशी लढवून त्याने २००७ मध्ये घरी बसून केलेल्या फिती जगभर पाहिल्या गेल्या. त्या जोरावर त्याला कामं मिळाली आणि पुढे तो ऑस्टिनला आला. 'रूबी'ची दोन पर्वं त्याच्या हातून झाली. तिसऱ्याची तयारी चालू असताना एका साध्या वैद्यकीय प्रक्रियेत त्याला तीव्र ॲलर्जी झाली, तो कोमात गेला आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजी वारला. वय ३३.

तुम्ही सारखं 'मूळ पिंड' म्हणता, तो नेमका काय?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी चर्चा इथेच अडते. बहुतेकांना पिंड म्हणजे कथा वाटते. मला तसं वाटत नाही.

पहिली झलक काढून बघा. बर्फ पडलेलं जंगल, लाल टोपडं घातलेली मुलगी आणि तिच्याभोवती लांडग्यांसारखी श्वापदं. एकही संवाद नाही, मागे फक्त गाणं. तिच्या हातात लांब दांड्याचा प्रचंड कोयता आहे आणि तोच रायफलही आहे. तो इतका जड की मनगटाच्या बळावर फिरणारच नाही. म्हणून ती गोळी झाडते आणि त्या धक्क्याने कोयता फिरवते. म्हणजे बंदूक शत्रूला मारायला जेवढी, तेवढीच स्वतःला ढकलायला. ही कल्पना कुणी कागदावर वाक्यात लिहिली असती तर वाचणाऱ्याने मान हलवून पान उलटलं असतं. ती सुचली असणार हालचालीतच.

पहिल्या पर्वात एका महाकाय पक्ष्याशी कड्यावर झुंज आहे. वाइस त्याचं शेपूट बर्फात जखडते. ब्लेकच्या शस्त्राची फीत दोन खांबांमध्ये ताणून तिची गलोल केली जाते आणि गलोलीतला दगड म्हणजे खुद्द रूबी. ती सुटते, पक्ष्याच्या मानेत कोयता अडकवते आणि उभ्या कड्यावरून वर धावत सुटते. तिच्या पायाखाली वाइस एकेक मंत्रचक्र उमटवत जाते. चौघी एकमेकींशी जवळपास बोलतच नाहीत. तरी त्या झुंजीनंतर कोण कशी आहे, कुणाचा कुणावर किती भरवसा आहे, सगळं कळतं. मैत्री जुळली हे संवादातून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या पर्वाची सुरुवात तर शाळेच्या खानावळीत होते आणि शस्त्रं सगळी खाण्याची. यांगच्या मुठींवर भाजलेल्या टर्की, ब्लेकच्या हातात सॉसेजची माळ, एकीने दांड्यावर कलिंगड खोचून त्याचा हातोडा केलेला. कथेच्या दृष्टीने त्या भागात काही घडत नाही. पण आमच्या घरी दर फेरीला तोच भाग लोक दोनदा लावायला सांगतात.

मला जो पिंड दिसतो तो हा: आधी हालचाल, मग गोष्ट. पात्र कसं आहे ते त्याच्या लढण्यातून कळायचं, आणि कथा त्या लढतींच्या मधल्या जागा भरायची. या मधल्या जागा कच्च्याच होत्या, हेही सांगायला हवं. पहिल्या पर्वात रस्त्यावरची माणसं नुसत्या काळ्या सावल्या आहेत, चेहरे करायला वेळही नव्हता आणि पैसाही. संवाद पुष्कळदा अवघडलेले. काही भाग पाच-सहा मिनिटांत संपायचे. तेव्हा दिघा गाव स्टेशन झालं नव्हतं, ठाण्याहून गाडी सुटली की पुढचं ऐरोलीच, आणि ऐरोली यायच्या आत एक भाग बघून व्हायचा. तो कच्चेपणा मला कधीच खुपला नाही. रेघ कुठे ठाम मारायची आणि कुठे सोडून द्यायची हे त्या माणसाला ठाऊक होतं.

मग बदल कुठून सुरू झाला? तिसऱ्यापासून की चौथ्यापासून?

तिसरं पर्व ऑक्टोबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात आलं, म्हणजे मॉन्टी गेल्यानंतर. पण त्याच्याबरोबर काम केलेले हात तिथेच होते, साधनं तीच होती, आणि कथेचा पाया तो असतानाच घातलेला होता. म्हणून मी तिसरं त्याच्याच खात्यात धरते. काळोखी, मोडून टाकणारा शेवट असला तरी.

चौथ्याचा पहिला भाग लागला की खोलीतली नवी माणसंसुद्धा विचारतात, "काय बदललं?" चेहरे गुळगुळीत, प्रकाश मऊ, कपड्यांना वजन आलेलं. नजरेला सुंदर. आणि लढत सुरू झाली की कुठेतरी श्वास अडकायचा थांबलेला.

सॉफ्टवेअर बदललं, म्हणून तसं झालं का?

अर्धं उत्तर ते आहे. पहिली तीन पर्वं 'पोझर'मध्ये झाली, चौथ्यापासून 'माया' आलं. 'माया' हे धंद्यातलं सर्रास वापरलं जाणारं साधन. आम्हीही रोज त्यावरच काम करतो. माणसं मिळणं सोपं, काम वाटून देणं सोपं, रिग, म्हणजे पात्र हलवायचा आतला सांगाडा, नीट, प्रकाशयोजना नीट. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता, मीही तोच घेतला असता.

पण 'पोझर' हे या कामासाठी कुणी निवडत नसे. मॉन्टीने त्याच्याशी झटापट करून स्वतःची पद्धत बसवली होती. ती पद्धत त्याच्या हाताला आणि त्याने तयार केलेल्या थोड्या हातांना येत होती. साधन बदललं तेव्हा ती पद्धतही मागे राहिली. चूल बदलली की भाकरी तीच लागत नाही. आणि इथे तर थापणारा हातही बदलला होता.

लेखकांना पुढची कथा ठाऊक होती, टिपणं होती. मग पिंड का टिकू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण याचं उत्तर मला ऑफिसात मिळालं.

आमच्याकडे लहान मुलांच्या एका मालिकेत म्हातारा पोस्टमन होता. तो ज्याच्या हातचा होता, त्या सहकाऱ्याने नोकरी सोडली आणि उरलेले अकरा शॉट माझ्याकडे आले. जाताना त्याने दोन पानं टिपणं लिहून ठेवली होती: चाल किती फ्रेमची, पिशवी कुठल्या खांद्यावर, पाठीला बाक किती. मी सगळं तंतोतंत पाळलं. ब्लॉकिंग (मुख्य पोझ बसवणं) झालं, स्प्लाइन (मधली हालचाल सलग करणं) झालं, डायरेक्टरनी प्लेब्लास्ट, म्हणजे कच्ची फीत, बघितली आणि म्हणाले, "चालतोय छान, पण हा आपला म्हातारा नाही."

दोन दिवस मी त्या सहकाऱ्याचे जुने शॉट ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या आलेखात, उघडून बसले. शेवटी सापडलं. पाऊल उचलण्याआधी दोन फ्रेम म्हाताऱ्याचा खांदा किंचित खाली जायचा. जणू दर पावलाला तो आधी पिशवीचं वजन मान्य करायचा आणि मग निघायचा. टिपणांत याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मी असं करतो? मला माहीतच नव्हतं."

आमचा माणूस फोनवर होता, जिवंत होता, आणि तरी त्याला ते सांगता आलं नसतं. मॉन्टीच्या बाबतीत तर फोनही नव्हता. माइल्स लूना आणि केरी शॉक्रॉस हे दोघे पहिल्यापासून त्याच्याबरोबर लिहीत होते. कोण मरणार, कुठलं राज्य पडणार, हे त्यांच्याकडे असणारच. पण कुठल्या क्षणी वाक्य गाळून लढत घालायची, हा निर्णय टिपणात मावत नाही. तो दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि घेणारा माणूस गेला होता.

त्यामुळे क्रम उलटा झाला असं मला वाटतं. आधी पटकथा, मग तिच्यात जिथे लढत येईल तिथे लढत. पाचव्या पर्वाचा शेवट बघा. एवढी सारी पात्रं एका दिवाणखान्यात जमतात, आणि बराच वेळ दोघे लढत असताना बाकीचे कडेला उभे राहून बोलतात. पहिल्या पर्वातल्या चौघी तशा उभ्याच राहू शकल्या नसत्या.

म्हणजे लेखकांनी मालिकेची वाट लावली?

नाही. आमच्या घरात हे वाक्य कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवते. आपला मित्र गेला आणि काही महिन्यांत त्याच्याच पात्रांच्या तोंडी शब्द घालायला बसायचं, हे काम मी कुणाला सांगणार नाही. २०१६ मध्ये तिथल्याच एका जुन्या ॲनिमेटरने मोठं जाहीर पत्र लिहिलं आणि मॉन्टीच्या मनातली मालिका ही नव्हे असं म्हटलं. त्याचं दुःख खरं आहे. पण ते पत्र हातात घेऊन उरलेल्या माणसांना वर्षानुवर्षं शिव्या देणारे जे आहेत, त्यांचं वागणं मला पटत नाही. मॉन्टी असता तर काय केलं असतं हे त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही.

मालिका त्याच्याबरोबरच थांबवायला हवी होती का?

शेजारचे काका दर वेळी हेच विचारतात आणि दर वेळी गडकऱ्यांचं उदाहरण देतात. राम गणेश गडकरीही ३३व्या वर्षीच गेले, २३ जानेवारी १९१९ रोजी. 'राजसंन्यास' अपुरं राहिलं आणि आपण ते अपुरंच वाचतो. पुढचं कुणी लिहून पूर्ण केलं नाही म्हणून ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठच्या रंगायतन नाट्यगृहावरचं त्यांचं नाव काही फिकं पडलं नाही. काकांचं म्हणणं, "अपुरं राहण्यात कसला कमीपणा?"

मला ते उदाहरण हलवून टाकतं, तरी पूर्ण पटत नाही. नाटककार कागद आणि दौत घेऊन एकटा बसतो. 'रूबी' बंद झाली असती तर मॉन्टीने हाताखाली तयार केलेली मुलं, आवाज देणारे, संगीत करणारे जेफ विल्यम्स, गाणारी त्यांची मुलगी केसी ली, या सगळ्यांचंही ते अपुरं राहिलं असतं. एकाच्या नावावर असलेलं काम अनेकांचं असतं, आणि त्या अनेकांना पुढे जायचा हक्क आहे. मात्र दर पर्वाच्या आरंभी 'मॉन्टी ऊम निर्मित' ही ओळ राहिली पाहिजे, यावर काकांचं आणि माझं एकमत आहे.

घराण्यात गायकी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. इथे तसं का होऊ नये?

उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं. जयपूर घराण्याची तालीम किशोरीताईंना आई मोगूबाई कुर्डीकरांकडून मिळाली. तीही बालपणापासून, समोर बसून, वर्षानुवर्षं. मग त्यांनी ती गायकी स्वतःच्या मनासारखी वळवली. घराणं सोडलं असं म्हणणारे तेव्हाही होते. पण त्यांनी जे बदललं ते आधी गळ्यात मुरलेलं होतं.

'रूबी'ची पहिली झलक ते मॉन्टीचा मृत्यू हा काळ सव्वादोन वर्षांचा. एवढ्यात तालीम होत नाही. घराणं व्हायच्या आत गुरू गेला.

मूळ माणसाच्या हातून गेलेली मालिका सुधारतच नाही, असं आहे का?

मुळीच नाही, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा खुद्द मॉन्टी आहे. त्याच कंपनीची 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका १ एप्रिल २००३ पासून चालू होती. बर्नी बर्न्स यांनी 'हेलो' या गेममधल्या चिलखती सैनिकांना उभं करून नुसतं बोलायला लावलं होतं. लढाई सोडून वाद घालत बसलेले शिपाई, हीच तिची गंमत. २०१० मध्ये आठव्या पर्वाला मॉन्टी आला आणि तेच शिपाई हवेत झेपावून लढू लागले. त्या मालिकेच्या जुन्या प्रेक्षकाने तेव्हा म्हणायला हवं होतं, "हिचा पिंड बदलला." आणि ते खरंच होतं.

मी मात्र ते आठवं पर्व तोंड उघडं ठेवून पाहिलं. त्यामुळे बदल म्हणजे बिघाड असं मी म्हणत नाही. फरक मला एवढाच दिसतो की मॉन्टीने तिथे स्वतःचं काहीतरी आणलं, दुसऱ्याचं जपण्याचा प्रयत्न केला नाही. 'रूबी'ची पुढची पर्वं जिथे मॉन्टीसारखं करायला जातात तिथे फिकी पडतात, आणि जिथे स्वतःचं काही करतात तिथे उभी राहतात.

माझ्या मुलाला नंतरचीच पर्वं आवडतात. त्याला काही कळत नाही असं म्हणायचं का?

असं कधीच म्हणू नका. माझा भाचा दहावीत असताना कबड्डीत पडला, कोपर मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा त्याने चौथं पर्व बघितलं. त्यात यांगचा एक हात गेलेला आहे आणि ती घरी बसून आहे. नवा यांत्रिक हात समोर ठेवलेला असतो आणि तो लावायला ती धजत नाही. मोठा आवाज झाला की दचकते. लढणाऱ्यांच्या या मालिकेत एक लढवय्यी कितीतरी वेळ काहीच करत नाही.

तो मला म्हणाला, "मावशी, तुला हे संथ वाटतं, पण असंच असतं गं. सगळे विचारतात कधी बरा होणार, आणि आपल्याला चमचासुद्धा धरवत नाही." त्यानंतर मी ते भाग पुन्हा बघितले. पहिल्या पर्वातल्या त्या धावत्या वेगाला हे दुःख दाखवता आलं असतं असं मला वाटत नाही. हे लेखकांचं स्वतःचं आहे आणि चांगलं आहे.

जपानमध्ये झालेली आवृत्ती बघावी का?

२०२२ मध्ये 'शाफ्ट' या स्टुडिओने केली, बारा भाग, सपाट चित्रांची. बघायला हरकत नाही. सुरुवातीच्या झलकींची पुनर्रचना मन लावून केली आहे, पुढे तिची वाट वेगळी आहे.

आता मालिकेचं काय होणार?

रूस्टर टीथ बंद करत असल्याचं मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये 'रूबी' व्हिझ मीडियाकडे गेली. ती कंपनी जपानी मांगा (चित्रकथा) आणि ॲनिमे (ॲनिमेशन) इंग्रजीत आणते, म्हणजे मालिका तिचं मोल जाणणाऱ्या घरात पडली. नवं पर्व कुणीही केलं, तर त्यांनी टिपणं शोधण्यात वर्ष घालवू नये. पहिली झलक फ्रेम फ्रेम करून बघावी, मग ती बाजूला ठेवावी आणि स्वतःच्या हाताला काय येतं ते करावं.

पहिल्यांदा बघणाऱ्याने कुठून सुरू करावं?

रंगांच्या चार झलकी आधी: लाल, पांढरी, काळी, पिवळी, याच क्रमाने. मग पहिलं पर्व एका बैठकीत. तिसऱ्याच्या शेवटानंतर निदान आठवडाभर थांबा. लगेच चौथं लावलं की फरकच बोचत राहतो.

एवढा फरक जाणवतो, तर तुम्ही अजून का बघता?

रेनसाठी. कमी बोलणारा, हिरव्या कपड्यातला मुलगा. त्याला पहिल्या दोन पर्वांत मॉन्टीने स्वतः आवाज दिला होता. तिसऱ्यापासून तो आवाज त्याचा भाऊ नीथ ऊम देतो. चौथ्या पर्वात रेन आपल्या लहानपणीच्या उद्ध्वस्त गावात परत येतो, आणि ज्या श्वापदाने त्याचे आईवडील मारले ते पुन्हा समोर उभं राहतं. लढत संथ आहे, मॉन्टीने ती अशी बसवली नसती. पण रेन बोलतो तेव्हा आमच्या खोलीत कुणी चहाचा कपसुद्धा उचलत नाही.